मातीतलं गंधक मोजताय? या चुका टाळा

एकाच मातीत उपलब्ध गंधक सकाळी ९ पीपीएम (दहा लाख भागांत ९ भाग) आणि दुपारी १४ आलं, तर मातीला दोष देऊ नका. १० च्या खाली कमतरता धरतात, त्यामुळे एवढ्या फरकानं शेतकऱ्याला दिलेला सल्लाच उलटतो.

पद्धत साधी आहे. १० ग्रॅम माती, ०.१५ टक्के कॅल्शियम क्लोराईड ५० मिली, अर्धा तास शेकरवर (हलवण्याच्या यंत्रावर), मग गाळणं. १० मिली अर्क २५ मिलीच्या फ्लास्कमध्ये घेऊन बेरियम क्लोराईड टाकलं की अर्कातल्या सल्फेटमुळे (गंधकाचं विरघळलेलं रूप) पांढरा गढूळपणा येतो. यंत्र मोजतं ते हे गढूळपण, आणि घोळ होतो तो इथंच. कण बारीक पडले की एक रीडिंग, जाड पडले की दुसरं. म्हणून बेरियम क्लोराईडचे स्फटिक ३० ते ६० मेशच्या (चाळणीच्या भोकांचं माप) चाळण्यांमधून एकसारखे चाळून घ्या, प्रत्येक फ्लास्कला मोजून १ ग्रॅम. वर ०.२५ टक्के गम अकेशिया (डिंकाचं द्रावण) १ मिली. डिंकाच्या बाटलीत बुरशी दिसली तर सरळ ओतून द्या. वीस फ्लास्कमध्ये एकदम बेरियम टाकून मग निवांत रीडिंग घेत बसू नका, शेवटच्यात तोवर साका बसलेला असतो. हलवणं आणि थांबणं, दोन्ही घड्याळ लावून. स्टँडर्डलाही (गंधकाचं प्रमाण माहीत असलेल्या द्रावणाला) तेच.

काळ्या मळीच्या मातीचा अर्क गाळूनही पिवळट राहतो. त्याचा बेरियमविना वेगळा ब्लँक घ्या, म्हणजे नुसत्या रंगाचं रीडिंग वजा करता येतं. रंग घालवायला कोळसा वापरणार असाल तर आधी धुऊन घ्या, त्यातही सल्फेट असतं.

गगनबावडा, राधानगरीकडच्या जांभ्या मातीत लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साईडं सल्फेट धरून ठेवतात. कॅल्शियम क्लोराईडनं ते पुरतं सुटत नाही, आकडा खोटा कमी येतो. तिथं ५०० पीपीएम स्फुरदाचं मोनोकॅल्शियम फॉस्फेट (लिटरला २.०३५ ग्रॅम) वापरा, स्टँडर्डही त्याच द्रावणात करा. शिरोळच्या क्षारपड रानात उलटं: जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) टाकलेलं असेल तर आकडा भरमसाट चढतो. नमुन्याच्या चिठ्ठीवर ते लिहून घ्याच.

माती सावलीत वाळवा. ओव्हनच्या उष्णतेनं सेंद्रिय गंधक सुटून सल्फेट वाढतं.

केरळातल्या कुट्टनाडची किंवा सुंदरबनची आम्ल-सल्फेट माती आली, तर मात्र हे सगळं बाजूला ठेवा. तिथलं गंधक पायराइटमध्ये (लोह-गंधकाच्या खनिजात) असतं, या पद्धतीत ते दिसतच नाही. शिवाय हवेवर सावकाश वाळवली की पायराइटचं ऑक्सिडीकरण होऊन नमुना बिघडतो. ती ८०-८५ अंशाला पंख्याच्या ओव्हनमध्ये झटपट वाळवतात. मग आम्लात क्रोमियमसोबत उकळून हायड्रोजन सल्फाइड काढायचा, झिंक ॲसिटेटमध्ये पकडायचा आणि आयोडीननं टायट्रेट करायचा (किती आयोडीन लागलं त्यावरून मोजायचा). नळीचा एक सांधा जरी सैल राहिला तरी वायू निसटतो आणि आकडा कमी येतो.