गॅस गिझर आणि हवा : या चुका टाळा

गॅस गिझर बसवताना सर्वांचे लक्ष पाण्याच्या दाबाकडे आणि गॅसच्या नळीकडे असते. हवेचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. वास्तविक एक किलो एलपीजी पूर्ण जळण्यासाठी सुमारे १२ घनमीटर हवा लागते आणि मिनिटाला ६ लिटर पाणी देणारा गिझर पूर्ण क्षमतेने चालला, तर तासाला पाऊण ते एक किलो गॅस जाळतो. लहान न्हाणीघरात मुळात हवाच असते सात-आठ घनमीटर. ती सगळी संपण्याची वाटही पाहावी लागत नाही, कारण ऑक्सिजनचे प्रमाण २१ टक्क्यांवरून १८ च्या आसपास उतरले की ज्वलन अपुरे होऊ लागते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू झपाट्याने वाढतो. दार-खिडकी बंद असेल, तर एवढे घडायला एक अंघोळ पुरते.

म्हणूनच धुराडे नसलेला गिझर न्हाणीघराच्या आत बसवणे ही सर्वांत मोठी चूक आहे. गिझर बाहेर मोकळ्या हवेत असावा आणि आत फक्त गरम पाण्याची नळी यावी. ते शक्य नसेल, तर बाहेरची हवा घेऊन धूर बाहेरच सोडणारा, बंद ज्वलनकक्षाचा गिझर निवडावा. तो महाग पडतो, पण येथे काटकसर करू नये.

‘आमच्याकडे एक्झॉस्ट फॅन आहे’ हे उत्तर हमखास मिळते आणि तेच सर्वांत फसवे आहे. पंखा हवा बाहेर फेकतो. ती आत येण्याची वाट नसेल, तर खोलीतील दाब कमी होतो आणि धुराड्यातून वर जाणारा धूर उलटा खोलीत ओढला जातो. स्वयंपाकघरातील जोरकस चिमणीही शेजारच्या गिझरचे असेच करू शकते. धुराड्याच्या गिझरची परीक्षा सोपी आहे : दारे-खिडक्या बंद करून सगळे पंखे चालू ठेवावेत, गिझर पाच मिनिटे चालवावा आणि त्याच्या माथ्यावरील फटीजवळ पेटती उदबत्ती धरावी. उदबत्तीचा धूर फटीत ओढला गेला तर ठीक. तो तोंडावर परतत असेल, तर गिझर ताबडतोब बंद करून खिडक्या उघडाव्यात आणि दुरुस्ती होईपर्यंत तो वापरू नये.

हवेसाठी केवळ वरचा झरोका पुरत नाही. एक जाळी जमिनीलगत आणि एक छताजवळ, दोन्ही थेट बाहेर उघडणाऱ्या असाव्यात. खालच्या जाळीचा आणखी एक उपयोग असा, की गळती झाल्यास हवेपेक्षा जड असलेला एलपीजी तेथून निघून जाऊ शकतो. थंडीत याच जाळीत कापडाचा बोळा कोंबलेला आढळतो.

धुराड्याच्या बाबतीत जागा वाचवण्याचा मोह नडतो. गिझरच्या तोंडापेक्षा लहान व्यासाचा पाइप जोडणे, एकापाठोपाठ एल्बो (वळणाचे जोड) देणे, आडवा पाइप बाहेरच्या बाजूला उतरता ठेवणे किंवा त्याचे टोक माळ्यावर अथवा कोणाच्या खिडकीखाली सोडणे, हे सारे घातक आहे. आडव्या भागाला दर मीटरमागे किमान दोन सेंटिमीटर चढ हवा. पक्ष्यांची घरटी आणि गंज वर्षातून एकदा तपासावेत.

ज्योत निळी असावी. ती पिवळी पडून बर्नरवर काजळी धरत असेल, तर गिझर बंद करून तंत्रज्ञाला बोलवावे. मात्र निळी ज्योत म्हणजे निर्धोक हवा असे नव्हे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो, त्यामुळे अलार्म बसवणेच योग्य.

अंघोळ करताना डोके दुखणे, मळमळणे किंवा गरगरणे याचा दोष वाफेला देऊ नये. गॅस बंद करून, दार उघडून मोकळ्या हवेत यावे आणि बरे वाटले तरी डॉक्टरांकडे जावे. तेथे गिझरचा उल्लेख आवर्जून करावा, कारण बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइड चिकटलेल्या रक्तालाही ऑक्सिजनयुक्तच समजतो आणि रुग्ण गंभीर असतानाही आकडा चांगला दाखवू शकतो.