गावात बालसंग्रहालय सुरू करताय? या चुका टाळा

बालसंग्रहालयाची खरी परीक्षा उद्घाटनानंतर सहा-आठ महिन्यांनी सुरू होते. मुलांनी हाताळायच्या एखाद्या प्रयोगाचा दांडा निखळतो. तो बनवणारा कारागीर मोठ्या शहरातला, त्याला यायला महिना लागतो. तोवर 'बंद आहे' अशी पाटी लागते. अशा चार पाट्या झाल्या की शाळा परत येत नाहीत. खाली दिलेल्या बहुतेक चुकांचं मूळ एकच: सगळा हिशेब फीत कापण्याच्या दिवसापर्यंतचाच मांडलेला असतो. हे लेखन तालुक्याच्या गावात, दीड-दोन हजार चौरस फुटांत काम सुरू करणाऱ्यांसाठी आहे.

चूक: वस्तू काचेत आणि मुलं बाहेर

जगातलं पहिलं बालसंग्रहालय १८९९ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये उघडलं. मुलांनी वस्तू हाताळाव्यात ही तिथली कल्पना. १९६० च्या दशकात बॉस्टनच्या बालसंग्रहालयाचे संचालक मायकेल स्पॉक यांनी ती आणखी पुढे नेली. तरीही आपल्याकडे गावातून जुनी भांडी गोळा करून कपाटात मांडायची आणि वर 'बालसंग्रहालय' असा फलक लावायचा, हे अजून होतं.

पायली, अधोली, शेर ही मापं घ्या. काचेमागे ती पितळेची तीन भांडी असतात. ज्वारी भरलेल्या लाकडी हौदाशेजारी ठेवली की मूल स्वतः चार शेर ओतून पायली भरतं, मग अधोलीला किती लागतील याचा अंदाज बांधतं. मात्र ज्वारी हौदात टाकून विसरून चालत नाही. पावसाळ्यात तिला टोके लागतात आणि रात्री उंदीर येतात. म्हणून रोज संध्याकाळी ती घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, महिन्यातून एकदा कडक उन्हात वाळवा. पाच वर्षांखालच्या मुलांना हा हौद देऊच नका, दाणे नाकाकानात जातात. मोठी मुलं खेळत असतानाही तिथे एक ताई, म्हणजे संग्रहालयाची मार्गदर्शक, उभी हवी. हौदाभोवती तीन इंचांची कड आणि खाली जुनं सतरंजीचं कापड असलं की झाडायचं काम निम्म्यावर येतं.

चूक: पुठ्ठ्यात न करता थेट पक्कं बनवणं

आधी प्रत्येक प्रयोग पुठ्ठा, पॅकिंगचा फोम आणि टेप वापरून बनवा. शेजारच्या शाळेतली दहा-बारा मुलं तिघातिघांच्या गटाने आणा आणि गप्प उभं राहून बघा. पहिला हात कुठे जातो? कितीव्या सेकंदाला मूल निघून जातं? फलक कुणी वाचतं का? एकच गोष्ट तीन गटांना सांगावी लागली तर फलकाचा मजकूर वाढवू नका, मांडणी बदला. तीन-चार वेळा बदल झाल्यावरच फॅब्रिकेशनवाल्याकडे जा. पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत टाकाऊ वस्तूंतून केलेले प्रयोग एकदा बघून या. फार थोड्या पैशांत किती पोचवता येतं ते तिथे कळतं.

पक्कं बनवताना सगळ्यांत जास्त मोडतो तो हाताने फिरवायचा दांडा. मुलं तो उलटा-सुलटा फिरवतात, त्याला लटकतात, दोघं मिळून विरुद्ध दिशांना ओढतात. नुसत्या ग्रब स्क्रूवर (बाजूने आवळायच्या छोट्या स्क्रूवर) बसवलेला दांडा दोन आठवड्यांत शाफ्टवर घसरायला लागतो. शाफ्ट २० मिलिमीटरचा घ्या, लेथवाल्याकडून त्यात चावीची खाच मारून घ्या, दोन्ही बाजूंना पेडेस्टल बेअरिंग बसवा आणि बोल्टला साधा नट न लावता नायलॉक (सहज सैल न होणारा) नट लावा. मुठीवर सैल फिरणारी नळी असू द्या, नाहीतर तळहात सोलवटतात. गिअर उघडे ठेवायचे असतील तर पुढे ५ मिलिमीटर जाडीचा पॉलिकार्बोनेट लावा, काच नको.

एक साधी कसोटी ठेवा: जो भाग गावातल्या लेथवर, सुताराकडे किंवा सायकलच्या दुकानात दुरुस्त होत नाही, तो वापरू नका. टचस्क्रीनचा मोह याच कसोटीने आवरता येतो. सुरुवातीला बारा-पंधरा प्रयोग पुरतात, शिवाय तीन सुटे तयार असावेत, एक बिघडला की त्याच दिवशी दुसरा मांडता येतो. उभारणीच्या खर्चाच्या १० ते १५ टक्के रक्कम दरवर्षी दुरुस्तीसाठी बाजूला काढा.

चूक: मोठ्यांच्या मापाने मांडणी

तीन ते सहा वयासाठी टेबल सुमारे ५० सेंटिमीटर उंचीचं, सात ते अकरासाठी ६५. फलकाचा मध्य जमिनीपासून ९० ते १०० सेंटिमीटरवर.

कठड्यात किंवा शिडीत साडेतीन ते नऊ इंचांची फट कुठेही नको. एवढ्या फटीतून मुलाचं अंग जातं आणि डोकं अडकतं. बोटांसाठी ५ ते १२ मिलिमीटरची भोकं तशीच घातक. सुटे निओडिमियम चुंबक आणि बटन सेल संग्रहालयात आणूच नका. दोन चुंबक गिळले गेले तर ते आतड्याच्या भिंतींना मध्ये धरून एकमेकांना चिकटतात आणि शस्त्रक्रियेची वेळ येते. चुंबकाचा प्रयोग हवाच असेल तर चुंबक लाकडाच्या ठोकळ्यात पूर्ण गाडून घ्या.

मुलांच्या हाताशी येणारी वीज १२ व्होल्टच्या वर नको. पॉवर सप्लाय कुलूपबंद पेटीत ठेवा आणि मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या. तो नुसता बसवून उपयोग नाही, महिन्यातून एकदा त्याचं टेस्टचं बटण दाबून बघा. कोकणात किंवा घाटमाथ्यावर असाल तर प्लायवुडवर आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायवुडचा, शिक्का बघून घ्या आणि कापलेल्या कडा रंगाआधी बंद करा. पाणी तिथूनच शिरतं. पाण्याचं टेबल ठेवलंत तर खोली १० सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. ते रोज संध्याकाळी रिकामं करा आणि आठवड्यातून एकदा कडा घासा, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी कोरड्या भिंतीलाही चिकटून राहतात.

चूक: तोंडी शब्दावर जागा घेणं

नगराध्यक्ष किंवा सरपंच उत्साहाने रिकामी इमारत देऊ करतात. निवडणूक झाली की माणसं बदलतात आणि नवे लोक तीच खोली दुसऱ्या कामाला मागतात. सभेच्या ठरावाची सही-शिक्क्याची प्रत आणि नोंदणीकृत करार हातात आल्याशिवाय भिंतीला खिळाही ठोकू नका. मुदत निदान पाच वर्षांची असावी. छताची दुरुस्ती कुणाकडे, वीजजोडणी कुणाच्या नावावर आणि जागा सोडायची सूचना किती महिने आधी, हे तीन मुद्दे लेखी घ्या. जागा बघायला पावसाळ्यात जा, गळती तेव्हाच दिसते.

चूक: कागदपत्रं आणि पैसा एकमेकांपासून तोडून बघणं

महाराष्ट्रात सोसायटी म्हणून नोंदणी केली तरी धर्मादाय कार्यालयात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणून नोंद करावी लागते. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अहवाल द्या. हे राहून गेलं की कागदावर जुनेच विश्वस्त राहतात आणि पुढे बँकेपासून देणगीदारापर्यंत सगळीकडे अडतं. उद्दिष्टांत 'शैक्षणिक कार्य' एवढंच मोघम लिहू नका. संग्रहालय चालवणं, साहित्य बनवणं, शिक्षक प्रशिक्षण, नाममात्र शुल्क घेणं हे स्पष्ट लिहा. संस्था बंद झाल्यास मालमत्ता समान उद्दिष्टाच्या संस्थेला जाईल, हे कलमही हवं.

आयकराकडची बारा-ए (संस्थेच्या करमाफीसाठी) आणि एटी-जी (देणगीदाराच्या करसवलतीसाठी) ही नोंदणी नव्या संस्थेला आधी तात्पुरती, तीन वर्षांसाठी मिळते. ती नियमित करून घ्यायची तारीख बरेचजण चुकवतात. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू असल्यामुळे कलमांचे क्रमांक आणि फॉर्म सीएकडून ताडून घ्या. दोन हजार रुपयांच्या वरची रोख देणगी करसवलतीला चालत नाही, हे पावती फाडणाऱ्या माणसाला माहीत हवं. औपचारिक शाळा नसल्याने तुमचं काम 'सार्वजनिक उपयुक्तता' या गटात धरलं जाऊ शकतं. तसं झालं तर वाढदिवसाच्या पार्ट्या, दुकान असं व्यापारी उत्पन्न एकूण जमेच्या २० टक्क्यांच्या आत ठेवावं लागतं.

सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीच्या, भरवशावर पहिल्या वर्षाचं अंदाजपत्रक बांधू नका. कंपनीने संस्थेमार्फत काम करायचं तर संस्थेची सीएसआर-१ नोंदणी आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. तो नसेल तर अनुभवी संस्थेबरोबर लेखी करार करून तिच्यामार्फत काम सुरू करता येतं. परदेशातल्या गावकऱ्यांकडून पैसे घेताना आधी पासपोर्ट विचारा. भारतीय पासपोर्ट असलेल्याने नेहमीच्या बँकमार्गाने स्वतःच्या पैशातून दिलेली देणगी चालते. अमेरिकी नागरिक झालेल्याची देणगी एफसीआरएची (परदेशी देणग्यांच्या कायद्याची) परवानगी असल्याशिवाय घेता येत नाही, मग तो तुमच्याच आळीत वाढलेला का असेना.

चूक: वर्षभर सारखीच गर्दी धरणं

शाळांच्या सहली मुख्यतः डिसेंबर-जानेवारीत येतात. मे महिन्यात आसपासची मुलं येतात. जून ते ऑगस्ट जवळजवळ शुकशुकाट. पगार मात्र बारा महिने द्यायचा असतो, म्हणून दार उघडण्याआधी सहा महिन्यांचा चालू खर्च बँकेत असावा. पावसाळ्यात पेटीत मावतील असे चार-पाच प्रयोग घेऊन तुम्हीच शाळांमध्ये जा.

एका बसमधून पन्नास मुलं उतरतात. सगळ्यांना एकदम आत सोडलं तर कुणालाच काही हाताळता येत नाही. तीन गट करा: एक आत, एक अंगणात, एक डबा आणि स्वच्छतागृहाकडे. २५ मिनिटांनी घंटा वाजवून अदलाबदल करा. आठ मुलांमागे एक मोठं माणूस हवं. चपलांच्या घोळात वेळ जातो, म्हणून कप्प्यांना गटाचा रंग द्या.

ताई-दादांची चारित्र्य पडताळणी पोलिसांकडून करून घ्या आणि कुठलाही मोठा माणूस एका मुलाबरोबर बंद खोलीत एकटा राहणार नाही, हा नियम विश्वस्तांसकट सगळ्यांना लावा. लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर पोक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे. कुणाला फोन करायचा, तो क्रमांक कार्यालयाच्या भिंतीवर लावा. ताई-दादांना झाडण्या-पुसण्यातच गुंतवू नका. रोज शेवटची २० मिनिटं त्यांनी प्रयोगांची पाहणी करून वहीत लिहायचं: काय सैल झालं, काय हरवलं, कुठल्या फलकापाशी कुणीच थांबलं नाही. आठवड्यातला एक दिवस दार बंद ठेवून त्या वहीप्रमाणे दुरुस्ती करा.