‘दानदादान’ वाचायला घेताय? या चुका टाळा

‘दानदादान’ ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, हातात घेऊन पाच-सहा प्रकरणांत सोडून देणारे वाचक मला सतत भेटतात, आणि प्रत्येकाची तक्रार वेगळी असते. पानावर काय चाललंय तेच कळत नाही, असं एक म्हणतो. दुसऱ्याला पहिल्याच प्रकरणातला विनोद खटकतो. तिसरी व्यक्ती प्रेमकथा म्हणून उघडते आणि विचारते, यात प्रेम आहे कुठे? या मालिकेवर माझा फार जीव आहे, म्हणून जरा तपशिलात सांगते. यातल्या बहुतेक अडचणी वाचण्याच्या पद्धतीतून येतात, आणि पद्धत बदलली की त्या सुटतात.

ज्यांनी अजून सुरुवात केलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. युकिनोबु तात्सु यांची ही मालिका शुएशा या जपानी प्रकाशनाच्या ‘शोनेन जंप प्लस’ या ऑनलाइन व्यासपीठावर ६ एप्रिल २०२१ला सुरू झाली. मोमो आयासे या मुलीचा भुतांवर विश्वास आहे, परग्रहवासीयांवर नाही. तिच्या शाळेतल्या एका एकलकोंड्या मुलाचं नेमकं उलटं. दोघांत पैज लागते: ती परग्रहवासी येतात म्हणतात त्या ओसाड हॉस्पिटलमध्ये जाणार, तो भुताच्या बोगद्यात. त्या रात्री दोघांनाही कळतं की समोरचा खरं बोलत होता.

पान कळत नाही, कारण फोन उभा धरलाय

उजवीकडून डावीकडे वाचायचं हे आता सगळ्यांना ठाऊक असतं. तरी गोंधळ होतो तो चौकटीच्या आतल्या, संवादांच्या फुग्यांमध्ये. चौकट बरोबर निवडली जाते, पण आत शिरल्यावर सवयीने डावीकडचा फुगा आधी वाचला जातो आणि प्रश्नाच्या आधी उत्तर येतं. दोन पात्रं भांडत असतील तर विनोद तिथेच मरतो, कारण यातले विनोद पाठोपाठच्या टोल्यांवर उभे आहेत. संवाद विसंगत वाटला की पुढे जाऊ नका. त्याच चौकटीच्या उजव्या वरच्या कोपऱ्यापासून पुन्हा वाचा.

दुसरी अडचण मोठ्या चित्रांची. तात्सु दोन पानांवर पसरलेली चित्रं भरपूर काढतात, तीही तिरक्या रेघांची आणि चौकटीबाहेर येणाऱ्या माणसांची. फोन उभा धरून वाचलं तर चित्राचे दोन तुकडे होतात. आधी एक हात दिसतो, मग कुणाचं तरी डोकं, आणि कोण कुणावर झेपावलं तेच समजत नाही. हाणामारी ‘कळत नाही’ म्हणणाऱ्या बऱ्याच जणांचा प्रॉब्लेम एवढाच असतो. पानाच्या कडेला चित्र तुटलेलं दिसलं की फोन आडवा करा. दोन्ही पानं शेजारी आली की डोळा आपोआप वाट शोधतो. टॅब्लेट असेल तर फारच उत्तम. छापील पुस्तकात ही जोडचित्रं मधल्या शिवणीत थोडी गिळली जातात, तिथे पुस्तक नीट उघडून धरावं लागतं.

चित्रात काढलेली जपानी ध्वनिअक्षरं वाचता येत नाहीत म्हणून अडून बसायचं कारण नाही. त्यांचा आकार आणि झुकाव बघा. आवाज किती मोठा आणि कुठून कुठे गेला ते त्यातूनच कळतं.

फुकट प्रकरणांच्या मागे धावणं

शुएशाच्या ‘मांगा प्लस’ या ॲपवर ही मालिका इंग्रजीतून अधिकृतपणे वाचता येते. पण तिथे सुरुवातीची थोडी आणि अगदी ताजी थोडी प्रकरणं हव्या तितक्या वेळा वाचायला खुली असतात, मधली नसतात. त्यामुळे लोक पहिली तीन वाचतात आणि थेट ताज्या तीनवर उडी मारतात. मग समोर डझनभर अनोळखी पात्रं येतात आणि मालिका ‘गोंधळाची’ ठरते. ॲपमध्ये मधली प्रकरणंही पहिल्यांदा वाचायला मोफत मिळतात, पुन्हा वाचायची तर वर्गणी लागते. हे नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा ॲपमध्ये बघून घ्या. एकच मोफत वाचन हातात असताना बसस्टॉपवर उभ्या उभ्या भराभर बोट फिरवून ते वाया घालवू नका. घरी निवांत बसाल तेव्हासाठी राखून ठेवा.

चोरट्या साइटवर वाचण्याबद्दल एवढंच म्हणेन की नैतिक प्रश्न बाजूला ठेवला तरी वाचक म्हणून तुमचंच नुकसान होतं. तिथे भाषांतर करणारे मधेच बदलतात, एकाच पात्राची नावं आणि बोलण्याची ढब दर काही प्रकरणांनी वेगळी होते. ही मालिका बोलण्याच्या ढबीवर किती उभी आहे, ते पुढे येईलच. इंग्रजी पुस्तकं ‘विझ’ या प्रकाशनाने २०२२पासून काढली आहेत. मोठ्या शहरांतल्या चांगल्या पुस्तकदुकानांत किंवा ऑनलाइन शोधा.

ॲनिमे जिथे थांबली तिथून सुरुवात

ऑक्टोबर २०२४मध्ये ॲनिमे, म्हणजे या कथेवरची ॲनिमेशन मालिका, आली आणि आपल्याकडे या मालिकेचे बहुतेक चाहते तिच्यातूनच झाले. पहिला सीझन एका शापित घराच्या कथानकाच्या ऐन मध्यावर थांबला, तेव्हा बऱ्याच जणांनी पुढचं कळावं म्हणून मांगा तिथूनच उघडली. उत्सुकता समजू शकते. पण पडद्यावर रंग, संगीत आणि आवाज जे करतात ते इथे रेघ आणि रिकामी जागा करते. त्याची सवय व्हायला सोपी, ओळखीची प्रकरणं लागतात. पहिल्या प्रकरणापासूनच या.

पहिल्या प्रकरणावरून निकाल देणं, किंवा ते न बघताच मुलांच्या हातात देणं

इथे मला दोन्ही बाजूंनी बोलायचंय. पहिल्या प्रकरणात परग्रहवासी मोमोला पळवून नेतात आणि तिचे कपडे काढून तिला बांधून ठेवतात. तो प्रसंग मला अजूनही नकोसा वाटतो. कथेला त्याची गरज नव्हती असंच माझं मत आहे. दुसरीकडे बोगद्यातली म्हातारी, टर्बो ग्रॅनी, त्या मुलाचं गुप्तांग चोरते आणि पुढे कितीतरी प्रकरणं चोरीला गेलेला ऐवज शोधण्यात जातात. चित्रं गोंडस आहेत, हायस्कूलची मुलं आहेत, म्हणून घरातल्या दहा वर्षांच्या मुलाला वाढदिवसाला पहिला खंड देऊन टाकला असं करू नका. आधी स्वतः वाचा. ‘कार्टून’ म्हणजे लहान मुलांचं, हा आपल्याकडचा समज इथे चालत नाही.

पण मोठ्या वाचकाने तेवढ्यावर पुस्तक मिटलं तर वाईट वाटतं. मालिकेचा खरा स्वभाव पहिला खंड संपता संपता दिसायला लागतो. निदान ॲक्रोबॅटिक सिल्की नावाच्या भुताचं कथानक पुरं होईपर्यंत थांबा, मग ठरवा.

भूत दिसलं की भराभर पानं उलटणं

ही चूक मला सगळ्यात जास्त जिव्हारी लागते. विनोदी मालिका आहे, भूत आलं, आता मारामारी होणार, कोण जिंकतं ते बघू, असं म्हणत लोक पुढे पळतात.

टर्बो ग्रॅनी म्हणजे हायवेवर गाडीच्या बरोबरीने धावणारी म्हातारी. जपानमध्ये सांगितली जाणारी ही आधुनिक दंतकथा आहे. मालिकेत ती शिवराळ, उद्दाम आणि मनसोक्त हसवणारी आहे. पण तिचा पाठलाग संपल्यावर एक साधी गोष्ट सांगितली जाते: जिथे मुलींचे क्रूर मृत्यू झाले, तिथे ही म्हातारी जाते आणि त्या अडकलेल्या जिवांना सोबत करते. बोगद्यातलं ते दुसरं भयानक भूत कोण होतं, तेही तेव्हाच उलगडतं. हा मजकूर मोजक्या फुग्यांत आहे. धावत वाचणाऱ्याच्या नजरेतून तो सहज निसटतो, आणि मग पुढे हीच म्हातारी मोमोच्या घरी मांजराच्या बाहुलीत राहायला येते तेव्हा ती नुसती गंमत उरते.

सिल्कीचं तर त्याहून. लांब केसांची, बॅलेच्या गिरक्या घेणारी ही बाई आयरा शिरातोरी नावाच्या मुलीला ‘माझी मुलगी’ म्हणत तिच्या मागे लागते. हसावं की घाबरावं अशा अवस्थेत आपण असतो, आणि मग तिचं आयुष्य उघडतं. एकटी आई, लहान मुलगी, पोटासाठी मिळेल ते काम, दोघींचं घरात नाचणं. मग कर्जवसुलीवाले येतात आणि मुलीला उचलून नेतात. आई त्यांच्यामागे धावते. त्यानंतर ती उंच इमारतीवर जाते. या पानांवर शब्द फारच थोडे आहेत. वाचायला काही नाही म्हणून दहा सेकंदांत ही पानं संपवणारे लोक आहेत, आणि नंतर तेच विचारतात की आयरा त्या भुतासाठी का रडली.

शब्द नसलेलं पान दिसलं की थांबा. प्रत्येक चौकटीत हात काय करतायत ते बघा. पुढच्याच पानावर पुन्हा वेडावाकडा विनोद येईल, आणि आधीच्या पानावर मन गुंतलं असेल तरच तो विनोद सुटकेसारखा येतो.

‘प्रेम कुठे आहे?’

‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ हे वाक्य शोधत वाचाल तर हात रिकामे राहतील. जीव धोक्यात घालून एकमेकांना वाचवणारी ही दोघं दुसऱ्या दिवशी शाळेत समोरासमोर आली की काय बोलावं तेच त्यांना सुचत नाही. प्रेम त्या न सुचण्यात आहे.

नावांचंच घ्या. मोमोला जुन्या जमान्यातला नट केन ताकाकुरा अतिशय आवडतो. हा खरा नट (१९३१–२०१४), कमी बोलणाऱ्या, शब्दाला जागणाऱ्या पुरुषांच्या भूमिकांसाठी जपानमध्ये पूज्य मानला गेलेला. पहिल्या प्रकरणाच्या शेवटी तो चष्मेवाला, बुजरा मुलगा आपलं नाव सांगतो: केन ताकाकुरा. मोमो त्या नावाने त्याला हाकच मारू शकत नाही, म्हणून त्याचा ‘ओकारुन’ होतो. हा विनोद म्हणून वाचून पुढे गेलात तर पुढचं पुष्कळ हुकेल. तो मात्र आपल्याच वयाच्या मुलीशी ‘आयासे-सान’ म्हणत अदबीने बोलत राहतो. इंग्रजी भाषांतरात हे थोडं पुसट होतं, तरी लक्ष दिलं तर जाणवतं. कोण कुणाला कसं हाक मारतं, ते कधी बदलतं, आणि तिसरं माणूस आलं की कुणाचा आवाज चढतो, याकडे कान ठेवा. अहो-जाहोवरून नातं ओळखणाऱ्या मराठी वाचकाला हे मुळीच अवघड नाही.

आणखी एक. भांडण झालं किंवा गैरसमज झाला की काही वाचक चिडतात: ‘एकदा बोलून टाका ना!’ पण ही दोघं पंधरा-सोळा वर्षांची, आजवर एकटी पडलेली मुलं आहेत. त्यांची घाई आपण कशाला करायची?

संदर्भ शोधताना

दर भुतागणिक इंटरनेटवर शोधायला जाऊ नका. विकी उघडलात की दुसऱ्या ओळीत पुढच्या शंभर प्रकरणांचं रहस्य फुटतं. कथानक संपलं की मग शोधा, तेव्हा खरी मजा येते. १९५२मध्ये अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात लोकांनी पाहिल्याचं सांगितलं गेलेला फ्लॅटवूड्सचा राक्षस इथे जपानी सुमोचा आव आणून उभा राहतो. जिजी नावाच्या मुलाच्या अंगात शिरलेली दुष्ट शक्ती थंड पाण्याने बाहेर येते आणि गरम पाण्याने जाते. रुमिको ताकाहाशी यांची ‘रानमा’ ही मांगा वाचलेल्याला ते लगेच ओळखू येईल.

आपल्या भुतांशी जोड्या लावत बसणंही टाळा. टर्बो ग्रॅनी म्हणजे हडळ आणि सिल्की म्हणजे अमुक, असं केलं की त्या पात्रांचं स्वतःचं दुःख दिसेनासं होतं. एका बाबतीत मात्र कोकणातल्या वाचकाला आयतीच मदत आहे. एखाद्या जागेला बांधलं गेलेलं भूत हद्द ओलांडली की दुबळं का होतं, आणि मोमोच्या आजीचं, सेइकोचं, बळ तिच्या गावच्या मातीशी का जोडलेलं आहे, हे वेस आणि राखणदार ऐकत वाढलेल्याला समजावून सांगावं लागत नाही. पहिला मोठा पाठलाग हद्दीच्या दिशेने का धावतो, याकडे त्या नजरेने बघा.

चालू प्रकरणांपर्यंत पोहोचल्यावर

सगळं वाचून ताज्या प्रकरणाशी आलात की दर आठवड्याची वाट बघणं सुरू होतं, आणि इथे बऱ्याच जणांचा उत्साह मावळतो. लढाई चालू असेल तर एखादं प्रकरण दोन मिनिटांत संपतं आणि ‘काही घडलंच नाही’ असं वाटतं. तसं झालं तर तीन-चार प्रकरणं साठू द्या, पण ॲपवर ताज्या प्रकरणांची मोफत मुदत कधी संपते ते बघून. ती एका बैठकीत वाचा, आणि नवीन भाग उघडण्याआधी मागच्या प्रकरणाची शेवटची दोन-तीन पानं चाळून घ्या. अमुक पात्र कुठे पडलं होतं, कुणाचा हात कुणाच्या हातात होता, हे लक्षात असलं की पुढचं पान अडत नाही.