कॉलेज बदललं, क्रेडिट्स कशी टिकवली: माझा अनुभव

बीएस्सीचं पहिलं वर्ष नागपुरात झालं, दुसऱ्याला पुण्यात आले. टीसी, मायग्रेशन, गुणपत्रिका सगळं दिलं, तरी अभ्यासक्रम वेगळा म्हणून फिजिक्सची क्रेडिट्स (विषय पूर्ण केल्यावर मिळणारे श्रेयांक) अडली. खरा उपयोग झाला जुन्या कॉलेजच्या सही-शिक्क्याच्या सिलॅबसचा. विभागप्रमुख मॅडमसमोर दोन्ही सिलॅबस शेजारी ठेवले, जुळणाऱ्या घटकांवर खुणा केल्या आणि समकक्षतेचा अर्ज दिला. मॅडमनी तासभर बसून तपासलं, याचं फार बरं वाटलं.

डिजिलॉकरमध्ये एबीसी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे क्रेडिट्स साठवणारं ऑनलाइन) खातंही जरूर बघा. माझ्या एका सत्राची क्रेडिट्स तिथे चढलीच नव्हती. जुन्या परीक्षा विभागाला लेखी अर्ज दिल्यावर चढली. यूजीसीच्या २०२१च्या नियमांनुसार ती जास्तीत जास्त ७ वर्षं ग्राह्य असतात. आता फक्त इलेक्ट्रॉनिक्सचा पेपर पुन्हा द्यायचाय.