तरुण संघाला सेवेची सवय कशी लावावी

मराठवाड्यातल्या बहुतेक ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये तरुण संघाचे वर्ष नाताळाभोवती फिरते. नोव्हेंबरात गीतांचा सराव सुरू होतो, डिसेंबरात घरोघरी कॅरल होतात, चर्चवर चांदणी चढते, आणि जानेवारी उजाडला की संघ जो पांगतो तो थेट उन्हाळी शिबिरालाच पुन्हा एकत्र येतो. सेवा या वेळापत्रकात असते, पण एका दिवसापुरती: ब्लँकेटवाटप, फळवाटप आणि फोटो. हे वाईट नव्हे. मात्र एवढ्याने सवय लागत नाही, आणि सवयीवाचून सेवेचे मोल तरुणांना कळत नाही, असे संघाचे काम पाहता पाहता माझे मत झाले आहे.

सुरुवात शास्त्राभ्यासाने करावी. येशूने शिष्यांचे पाय धुतले तो योहानाचा 13 वा अध्याय सर्वांना पाठ असतो. त्याच्या जोडीला प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6 वाचावा. यरुशलेमेत रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांची हेळसांड होऊ लागली, कुरकुर झाली, तेव्हा पंगतीची व्यवस्था पाहायला सात जण निवडले गेले, आणि निवडताना त्यांचे नाव चांगले आहे का, ते आत्म्याने व ज्ञानाने पूर्ण आहेत का, हे पाहिले गेले. वाढपाच्या कामाला मंडळीने हाताशी असेल तो पोरगा नेमला नाही. पुढे पहिला रक्तसाक्षी ठरलेला स्तेफन त्या सातांपैकीच होता. एवढे वाचून झाले की एकच प्रश्न विचारावा: आपल्या गल्लीत वाटणीतून कोण सुटते आहे?

त्याचे उत्तर चर्चच्या हॉलमध्ये बसून मिळत नाही. दोघादोघांच्या जोड्या कराव्यात, प्रत्येक जोडीला चार-पाच घरे द्यावीत, आणि पहिल्या भेटीत काहीही वाटायचे नाही, फक्त बसून ऐकायचे, असे बजावून पाठवावे. हा धडा आम्ही चुकून शिकलो. एका डिसेंबरात एका आजीकडे ब्लँकेट घेऊन गेलो. तिने ते हसून घेतले, खाटेखालची पत्र्याची पेटी ओढली आणि आत ठेवले. पेटीत तसलीच तीन ब्लँकेटे होती, एकाचे प्लॅस्टिकसुद्धा निघालेले नव्हते. मग तिने उशीखालून पासबुक काढले आणि म्हणाली, "लेकरा, हे जरा वाचून सांग बरं, चार महिने झाले पगार येईना." पगार म्हणजे निराधार योजनेचे अनुदान. बँकेत केवायसी राहिली होती, आणि जन्मभर खुरपणी करून बोटांच्या रेषा झिजल्यामुळे मशीनवर तिचा अंगठा उठत नव्हता. अकरावीतल्या एका मुलाने बँकेच्या तीन आणि आधार केंद्राची एक खेप केली, तेव्हा ते काम झाले. तिला कशाची गरज आहे हे आम्ही त्याआधी कधी विचारलेच नव्हते.

काम निवडताना ते वर्षभर पेलेल एवढेच निवडावे, आणि आपल्या गावच्या हंगामाशी जुळवावे. बीडसारख्या जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या जोड्या, उचल (आगाऊ रक्कम) घेऊन साखर कारखान्यांकडे निघतात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततात. त्या पाच-सहा महिन्यांत वाडी-वस्तीवर मागे उरतात ती म्हातारी माणसे आणि काही शाळकरी मुले. संध्याकाळी तासभर मुलांचा अभ्यास घेणे, म्हाताऱ्यांना हयातीच्या दाखल्यासाठी तहसिलीत नेऊन आणणे, टँकरच्या दिवशी त्यांच्या घागरी भरून देणे, ही कामे छोटी दिसतात, पण वार चुकवून चालत नाहीत. संभाजीनगरच्या संघांना घाटी हे सरकारी रुग्णालय जवळ आहे. परभणी-हिंगोलीहून आलेल्या रुग्णाच्या नातेवाइकाला केसपेपर कुठे काढायचा आणि तपासणी कोणत्या खोलीत होते हे सांगणारा माणूस मिळाला तर त्याचा अर्धा दिवस वाचतो. मात्र औषधोपचाराबद्दल आपण सल्ला देऊ नये. रक्तदान 18 वर्षे पूर्ण झालेल्यांनीच करावे, आणि दोन रक्तदानांत पुरुषांनी 90, तर स्त्रियांनी 120 दिवसांचे अंतर ठेवावे.

"हे समाजकार्य झाले, तरुणांनी भक्ती सांभाळावी," असे एखादे वडीलजन म्हणतीलच. त्यांच्याशी वाद घालू नये. 1843 साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल ही अख्खी वस्ती वसवली, याची आदराने आठवण करून द्यावी.

पथ्ये मोजकी आहेत, पण कडक पाळावीत. सेवेच्या बदल्यात कोणालाही उपासनेला यायला सांगू नये. समोरच्याने आपण होऊन प्रार्थना मागितली तर करावी, नाहीतर घागर भरून निघावे. गरजेचे आमिष केले की सेवा सौदा होते, आणि लोकांना ते आपल्याआधी कळते. कोणीही एकट्याने कोणाच्या घरी जाऊ नये, मुलांच्या अभ्यासाला दोन मोठी माणसे हजर असावीत, आणि आई-वडील गावी नसतील तर सांभाळणाऱ्या आजी-आजोबांची संमती घ्यावी. कोणाचा पिन किंवा ओटीपी विचारू नये, रोख रक्कम आपल्या हातात घेऊ नये. फोटो काढू नये. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, असे प्रभूने सांगितले आहे, मग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला कळवायचे कारणच उरत नाही.

हिशेबासाठी दोनशे पानी वही पुरते. तारीख, घर, काय सांगितले, काय झाले, पुन्हा कधी जायचे, एवढेच लिहावे. घरातली भांडणे आणि दुखणी तीत उतरवू नयेत. महिन्यातून एकदा रविवारी उपासनेनंतर अर्धा तास बसून वही वाचावी, आणि जे झाले नाही ते आधी वाचावे. कंटाळा आला, कोणी अंगावर ओरडले, दिलेला शब्द मोडला, हे बोलायला तिथे मोकळीक असावी. अशा बैठकीत पाळकसाहेबांनी शेवटी बोलावे. ते आधी बोलले तर मुले गप्प बसतात, हा अनुभव आहे.

बारावी झाली की आपली मुले पुण्याला नाहीतर संभाजीनगरला जातात. म्हणून मे महिन्यातच जुन्या जोडीने नव्या जोडीला प्रत्येक घरी निदान दोनदा सोबत न्यावे. दुसऱ्या खेपेला जुन्यांनी बाहेर ओट्यावर थांबावे आणि पासबुक नव्यांना वाचू द्यावे.