जिन्याखालची पावडर रूम: आधी दिवा ठरवा, मग दगड

हॉलजवळ पाहुण्यांसाठी छोटी टॉयलेट काढतात, तिला आता सगळे पावडर रूम म्हणतात. आंघोळ नाही, कमोड, बेसिन, आरसा, बस्स. बेळगाव-खानापूरकडच्या घरांत ती बहुतेक जिन्याखालीच बसते. तीन फूट बाय पाच फूट जागा पुरते. जिन्याचा उतार कमोडच्या पाठीमागे घ्या, कमोडच्या मध्यापासून बाजूच्या भिंतीपर्यंत पंधरा इंच सोडा आणि दार बाहेर उघडू द्या. प्लंबिंग आणि वॉटरप्रूफिंग कुठल्याही बाथरूमसारखंच.

दगडासाठी लांब जायला नको. जांभा इथलाच, शहाबादी फरशी कलबुर्गीकडची, इलकलचा लाल ग्रॅनाइट बागलकोट जिल्ह्यातला, कडाप्पा आंध्रातला. एवढ्याशा खोलीत दोनच दगड वापरा, एक खरखरीत आणि एक गुळगुळीत. तिसरा आला की जागा दुकानातल्या नमुन्यांच्या फळीसारखी दिसते. माझी आवडती जोडी म्हणजे कमोडमागच्या भिंतीला जांभ्याचे पातळ काप आणि बेसिनखाली कडाप्पा. जांभा सच्छिद्र असतो, पाणी पितो. म्हणून बेसिनच्या मागे, जिथे शिंतोडे उडतात, तिथे तो लावू नका. त्यावर सीलरचे, म्हणजे पाणी आत शिरू न देणाऱ्या द्रवाचे, दोन हात द्यायचे, तेही दगड पूर्ण सुकल्यावर. पावसाळ्यात हे काम काढूच नका. आपल्याकडच्या पावसात भिंती आतून ओल्याच असतात, आणि ओल्या दगडावर सीलर मारला की ओल आतच कोंडते.

आता दिवा. मी सगळ्यात जास्त चुकलो ते इथेच.

बेळगावच्या टिळकवाडीतलं एक घर होतं. जांभ्याची भिंत झाली, कडाप्पा बसला, छताच्या मधोमध एक स्पॉटलाइट लावला. दुपारी दार उघडं ठेवून बघितलं तेव्हा छान वाटलं. वास्तुशांतीच्या संध्याकाळी घरातल्या आजी आत जाऊन आल्या आणि सुनेला म्हणाल्या, ‘अगं, मी आजारी दिसतेय काय गं?’ आत जाऊन आरशात पाहिलं तर माझ्याही डोळ्यांखाली काळे खड्डे. वरून पडणाऱ्या उजेडाने कपाळ उजळतं, आणि डोळे, नाक, हनुवटी यांच्या सावल्या खाली उतरतात. त्यात काळा कडाप्पा उजेड गिळतो. पांढऱ्या दगडावरून जो उजेड परत तोंडावर येतो, तो इथे येतच नाही. वायर भिंतीत पुरलेली होती. शेवटी बसवलेला दगड फोडून वायरीचा पाईप नव्याने टाकावा लागला, आणि तो खर्च मी माझ्या खिशातून केला.

तेव्हापासून माझा क्रम पक्का आहे. गिलाव्याच्या आधी बेसिनची उंची ठरवायची, साधारण बत्तीस इंच. मग आरसा. मग आरशाच्या दोन्ही बाजूंना डोळ्यांच्या उंचीवर, जमिनीपासून पाच-सव्वापाच फुटांवर, एकेक दिवा. दोघांमध्ये अडीच फूट अंतर. तेवढी रुंदी नसेल तर आरसा अरुंद घ्या, पण दिवे बाजूलाच ठेवा. आरशाच्या डोक्यावर एकच पट्टी लावायचा सल्ला सर्रास मिळतो, मला तो मान्य नाही. त्यात वरचीच सावली थोडी मऊ होते, एवढंच. प्रत्येकी पाच वॅटचा एलईडी पुरतो. खोक्यावर २७०० ते ३००० के (केल्व्हिन, म्हणजे उजेड किती पिवळसर की पांढरा) आणि सीआरआय ९० (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) वाचून घ्या. पांढऱ्या ६५००च्या उजेडात जांभ्याचा तांबूस रंग मेलेला दिसतो.

जांभ्याच्या भिंतीचा दिवा वेगळा, त्याचं बटणही वेगळं. तो जांभ्यापासून चार-सहा इंचांवर छताला लावून उजेड भिंतीला घासत खाली सोडायचा. मग दगडाची भोकं आणि चढउतार उठून दिसतात. हाच प्रयोग टाइल्सवर करू नका. गवंड्याची एका केसाएवढी चूकही तिथे सावली टाकते. कडाप्पा मात्र मॅट फिनिशचाच घ्या. पॉलिश केलेल्यात बल्ब जसाच्या तसा दिसतो आणि डोळ्यांना टोचतो.

हे सगळं कागदावर कळत नाही. भिंतीला खाच मारायच्या आधी एका रात्री वायरमनकडून लांब वायर आणि दोन होल्डर मागून घ्या. दगडाचा तुकडा भिंतीला टेकवा, आरसा कुणाला तरी धरायला लावा आणि बल्ब वरखाली करून बघा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण माझ्या गिऱ्हाइकांना मी ते स्वतः करायला लावतो. घरातल्या सगळ्यात बुटक्या आणि सगळ्यात उंच माणसाला आरशासमोर उभं करा आणि दोघांच्या मधली उंची धरा. जिन्याखाली खिडकी नसते, म्हणून यातला एक दिवा इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यायला सांगा. लाइट गेली की पाहुणा आत अंधारात अडकतो. एक्झॉस्ट फॅन सहा इंची पुरे.

शेवटी साफसफाईच्या दिवशी स्वतः हजर राहा. फरशीवरचं सिमेंट काढायला गवंडी ऍसिड ओततात. शहाबादी आणि कडाप्पा दोन्ही चुनखडीचे दगड; ऍसिड लागलं की जागीच फेस येतो आणि पांढरट डाग राहतो, तो धुऊन जात नाही. सिमेंट ओलं असतानाच पुसून घ्यायला सांगा. नंतरही टॉयलेट क्लीनर फक्त कमोडच्या आत; खाली सांडला तर लगेच भरपूर पाणी ओता. ही खोली कमी वापरात असते, त्यामुळे उन्हाळ्यात फरशीच्या जाळीखालच्या ट्रॅपमधलं, म्हणजे वास अडवणाऱ्या वाकड्या पाइपातलं, पाणी आटतं आणि गटाराचा वास वर येतो. आठवड्यातून एकदा तिथे तांब्याभर पाणी ओता.