माईममधली भिंत दिसायला हवी असेल तर आधी पीएमटीच्या बसमध्ये उभं राहा

युवा महोत्सवाच्या माईमच्या, म्हणजे मूकाभिनयाच्या, तालमी सुरू झाल्या की दरवर्षी तेच बघतो, पोरं तोंडाला पांढरा रंग फासतात, काळे टीशर्ट आणतात, आणि नसलेली भिंत दाखवायला घेतली की हात नुसते हवेत फिरतात. भिंत काही दिसत नाही.

आधी यूट्यूबवर मार्सेल मार्सो बघा. फ्रान्सचा माईम कलाकार, १९२३ चा जन्म, एत्येन दक्रूकडे शिकला आणि १९४७ ला त्याने बिप नावाचं पात्र उभं केलं, पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट, चेपलेली टोपी, टोपीत एक फूल. माईम म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर जे येतं ते बरंचसं त्याचंच.

आता भिंत. हात सैल, बोटं जराशी वाकलेली, असा पुढं न्या, जिथं भिंत लागते तिथं पंजा एकदम सपाट आणि कडक. मग पंजा तिथंच ठेवून बाकीचं अंग हलवा, डावीकडे, उजवीकडे, गुडघ्यात खाली. पंजा बोटभर सरकला की भिंत गेली! काढतानाही आधी सैल सोडायचा, मगच मागे. ह्याला फिक्स्ड पॉइंट म्हणतात. ज्यांना जमत नाही त्यांना मी स्वारगेट ते कात्रज पुण्याच्या सिटी बसने (आम्ही अजून पीएमटीच म्हणतो) उभ्याने पाठवतो, दांडा धरायचा आणि ब्रेक लागला की बघायचं, मूठ जागेवर असते आणि अख्खं अंग पुढं जातं, अगदी तेच स्टेजवर करायचंय.

हे जमलं की चेहरा. मार्सोच्या एका प्रयोगात मुखवटेवाल्याच्या तोंडावर हसरा मुखवटा अडकतो, चेहरा हसतोय आणि खाली अंग तडफडतंय. आरशासमोर दोन मिनिटं करून बघा, गाल भरून येतात.

आणि पहिले आठ दिवस म्युझिक अजिबात लावू नका. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ ला, मार्सोच्या वडिलांना नाझींनी आउश्वित्झच्या छळछावणीत नेलं, ते परत आले नाहीत, आणि तो स्वतः ज्यू मुलांना लपवून स्विस सीमेकडे न्यायचा, वाटेत मुलांनी आवाज करू नये म्हणून मूकाभिनय करून त्यांना गुंतवून ठेवायचा. तिथं कुठलं म्युझिक होतं? मुलांना नुसत्या अंगाने धरून ठेवलं त्याने.

रंग सगळ्यात शेवटी लावा. गेल्या वर्षी आमच्यातली एक पोरगी तालमीत भिंत करून बाजूला झाली, आणि पाण्याची बाटली घ्यायला निघालेला एकजण, ज्याचा त्या सीनशी काही संबंध नव्हता, तो त्या भिंतीला वळसा घालून गेला.